पाण्याच्या बाटलीऐवजी काय घ्यावं? गॅरेजसाठीचे पेट्रोल कॅन, पंप आणि नळ्या यांचं परीक्षण

दुचाकीच्या गॅरेजमध्ये टाकीतून काढलेलं पेट्रोल बहुतेक वेळा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जातं. बाटली विरघळत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. ते खरंही आहे, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पेट्रोलला बऱ्यापैकी टिकतं. दोष वेगळ्या जागी आहे. झाकण पाण्याच्या हिशोबाने केलेलं असतं. उन्हात वाफेने बाटली फुगली की आट्यांमधून वास सुटायला लागतो. धक्का लागला की लवंडते, ग्राइंडरची ठिणगी पडली की भोक पडतं, आणि बाटली पाण्याची असल्यामुळे तहानलेल्याचा हात तिच्याकडेच जातो.

म्हणून बाजारात मिळणाऱ्या पर्यायांपैकी कुठला गॅरेजमध्ये खरंच चालतो, ते इथे तपासलं आहे. ब्रँडपेक्षा प्रकारावर भर दिला आहे, कारण एकाच कारखान्यातला माल चार नावांनी विकला जातो.

आधी एक हिशोब. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे आपल्याकडे ती कायमच तयार असते. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, वर न जाता पाण्यासारखी फरशीवर पसरते आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झालं की एक ठिणगी पुरते, मग ती वेल्डिंगची असो की कॉम्प्रेसरच्या ऑटोकट स्विचची. भांडं किती वेळ उघडं राहतं आणि ओतताना किती सांडतं, या दोनच गोष्टींवर पुढची सगळी पसंती-नापसंती ठरली आहे.

कायद्याचीही बाजू आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं धातूचं असेल तर जास्तीत जास्त २५ लिटरचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरचं. त्या यादीत प्लास्टिक नाही. हा कारभार पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा ‘इकडे कोण बघतंय’ हे म्हणणं महाराष्ट्रात तरी शोभत नाही.

कॅन: सगळ्यात आधी पैसे इथे

तेलाचा रिकामा प्लास्टिक कॅन फुकट मिळतो आणि त्याची लायकीही तेवढीच आहे. झाकणातला फोमचा चकतीवजा वॉशर पेट्रोलने काही दिवसांत लिबलिबीत होतो. तळाशी उरलेल्या तेलाचा थर पेट्रोलमध्ये मिसळतो आणि तेच पेट्रोल परत टाकीत गेलं की इंजेक्टरचं काम निघतं.

२० लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन ही या परीक्षणातली पहिली पसंती. १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी हा घडवला गेला. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. तीन मुठी उगाच नाहीत. भरलेला कॅन एकट्याने मधल्या मुठीने उचलायचा, दोघांनी कडेच्या मुठींनी, आणि रिकामे दोन कॅन शेजारी धरले की एका हातात मावतात. बाजूचा फुलीसारखा ठसा दाब वाढला की पत्र्याला किंचित फुगायला जागा देतो. तोंडाजवळच्या बारीक हवानळीमुळे ओतताना गचके बसत नाहीत. २० लिटर पेट्रोलचं वजन साधारण १५ किलो, वर कॅनचे चारेक किलो. पोऱ्याला एकट्याला उचलायला लावू नये, इतकं ते नक्कीच आहे.

नक्कल मात्र भरपूर आहे, म्हणून घेताना चार गोष्टी बघा. झाकणाची आकडी दाबताना जोर लागला पाहिजे आणि खटकन बसली पाहिजे. सैल बसते तो कॅन परत ठेवा. एलईडी टॉर्चने आत बघा. अस्तराचा रंग सलग हवा, फोड किंवा पापुद्रे नकोत. जोडाची शिवण पत्र्याच्या पातळीपेक्षा आत दबलेली असावी, बाहेर आलेली शिवण घासून घासून गळते. घरी आणल्यावर लिटरभर पाणी घालून, झाकण लावून, वर्तमानपत्रावर अर्धा तास आडवा ठेवा. कागद ओला झाला तर दुकान गाठा. कोरडा राहिला तर पाणी ओतून दिवसभर उन्हात तोंड उघडं ठेवून पूर्ण वाळवा, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पहिल्या वापराआधी अर्धा लिटर पेट्रोल आत खळबळवून पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर रंगाचे कण दिसले तर तो कॅन इंजेक्शनच्या गाड्यांसाठी वापरू नका.

जेरीकॅनची कमजोरी दोन ठिकाणी आहे. पहिली, झाकणातलं रबर. स्वस्त कॅनमधलं साधं रबर इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतं आणि मग झाकणच बसत नाही. जादाचं रबर मागून घ्या आणि वाटीभर पेट्रोलमध्ये झाकून दोन दिवस बुडवा; मापात नजरेला दिसेल एवढा फरक पडला तर ते नको, व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराचं शोधा. दुसरी, ओतायचं तोंड. कॅनसोबत फुकट येणारी चोच सहसा आकडीपाशी ठिबकते. ती वेगळी, आत हवानळी असलेली घ्या, तिच्यावर कंजुषी करू नका. चोचीत जाळी असेल तर ‘भरायला वेळ लागतो’ म्हणून ती उपटून टाकू नका.

कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी १८ अंशांना भरलेला २० लिटरचा कॅन दुपारी पत्र्याच्या शेडखाली ४३ अंशांवर गेला की अर्धा लिटर जागा मागतो. कॅनच्या वरच्या कुबडात ती जागा मुळातच सोडलेली असते. कॅन तिरका करून तीही भरली की पुढचं पेट्रोल रबराला दाबूनच वाट काढतं.

स्प्रिंगच्या झाकणाचा सेफ्टी कॅन याहून सरस आहे यात वाद नाही. हात सोडला की झाकण आपोआप मिटतं, आत दाब वाढला की स्वतःच किंचित उचलून वाफ सोडतं, आणि तोंडातली धातूची जाळी बाहेरची ज्योत आत शिरू देत नाही. पण किंमत जेरीकॅनच्या कित्येक पट, आणि सुटे भाग सहज मिळत नाहीत. रोज पाच-सहा टाक्या उतरवणाऱ्या वर्कशॉपने जरूर घ्यावा. महिन्याला दोन टाक्या उतरवणाऱ्याने तेच पैसे चांगल्या जेरीकॅनवर आणि आग विझवायच्या सिलिंडरवर लावावेत.

कॅनसोबत एक वस्तू विकत मिळत नाही, ती स्वतः बनवायची: दोन मीटर मल्टिस्ट्रँड वायर आणि दोन्ही टोकांना बॅटरीचे चिमटे. नळीतून वाहताना पेट्रोल स्थिर वीज पकडतं. कॅन प्लास्टिकच्या ताडपत्रीवर किंवा पिकअपच्या हौद्यातल्या रबरावर ठेवला तर ती जाणार कुठे? म्हणून कॅन जमिनीवर, एक चिमटा कॅनच्या रंग खरवडलेल्या जागी, दुसरा गाडीच्या चॅसिसच्या उघड्या धातूला. दुचाकीची सुटी केलेली टाकी रबराच्या गादीवर किंवा लाकडी फळीवर ठेवलेली असते. तिथे चिमटा टाकीलाच लावायचा. आधी चिमटे, मग झाकण उघडायचं. झाकण लावल्यावरच चिमटे काढायचे. नरसाळं पत्र्याचं आणि कॅनच्या तोंडाला टेकलेलं असावं, प्लास्टिकचं नको.

पेट्रोल काढायचं कशाने

तोंडाने नळी ओढायची पद्धत अजूनही दिसते, पण ती सोडा. घोट पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात जाणं जास्त वाईट: थोडंसं पेट्रोलही तिथे सूज आणतं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नये, कारण वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत उतरू शकतं. सरळ दवाखाना.

रबरी फुग्याचा हातपंप दोनेकशे रुपयांत येतो आणि कॅरब्युरेटरच्या दुचाकीला, जनरेटरला, जुन्या गाड्यांना पुरतो. चार-पाच वेळा दाबला की पुढे पेट्रोल उंचीच्या फरकाने आपसूक वाहतं. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी आणि अर्धा मीटर उतार असेल तर मिनिटाला दीड-दोन लिटर, म्हणजे २० लिटरला दहा-बारा मिनिटं. हा संथपणा गुण समजा, सावकाश वाहणारं पेट्रोल कमी वीज पकडतं. नळीचं टोक कॅनच्या तळाला टेकवा. वरून धार सोडली तर वाफही जास्त आणि वीजही जास्त. तक्रार एकच: फुग्यातल्या झडपा वर्षभरात चिकटतात आणि सोबतची पारदर्शक नळी कडक होते. फुगा ठेवा, नळी पहिल्याच दिवशी बदला.

दुचाकीला कॉक असेल तर पंपाचीही गरज नाही. कॉकची नळी काढायची, तिथे लांब नळी चढवायची, खाली कॅन, आणि कॉक रिझर्व्हवर. काही जुन्या स्कूटर-बाइकना इंजिनच्या खेचीवर उघडणारा कॉक असतो. तो प्राइमवर केल्याशिवाय थेंब पडत नाही आणि मिस्त्री उगाच टाकी उलटी करतो.

बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा बुडवायचा पंप ऑनलाइन ‘फ्युएल पंप’ म्हणून खपतो. डिझेलसाठी ठीक, पेट्रोलसाठी साफ नापसंत. खोक्यावर बारीक अक्षरात डिझेल, रॉकेल, पाणी एवढंच लिहिलेलं असतं. आतल्या मोटारीचे कार्बन ब्रश ठिणग्या सोडतात, आणि चिमटे बॅटरीला लावताना उडणारी ठिणगी उघड्या कॅनपासून हातभरावर असते. यावर हमखास येणारा प्रश्न: गाडीचा स्वतःचा पंपही पेट्रोलमध्येच बुडालेला असतो ना? असतो. पण बंद टाकीत पेट्रोलच्या वरची वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला पुरेशी हवाच मिळत नाही. तोच पंप बाहेर काढून, बादलीत बुडवून, बॅटरीच्या वायरी टेकवून तपासणं हा वेगळाच खेळ आहे: बादलीच्या काठावर वाफ आणि हवा नेमक्या पेटणाऱ्या प्रमाणात भेटतात. पंप गाडीत बसवलेला असतानाच, लाइनवर गेज लावून तपासा.

डिझेललाही अगदी निर्धास्त समजू नये. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेण्याइतकी तयार होते तो, किमान ३५ अंश असावा लागतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात डबा सावलीतही त्याच्या पुढे जातो. आणि डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं असेल तर निघालेलं मिश्रण पेट्रोल समजूनच हाताळायचं. ते जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये ओतू नका, पार्ट धुवायलाही वापरू नका. वेगळ्या कॅनवर ‘मिश्रण’ लिहा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या.

आजच्या चारचाकीत फुग्याचा पंप बहुधा हरतो, कारण भरायच्या नळीत झडप असते आणि नळी टाकीपर्यंत उतरतच नाही. तिथे गाडीचाच पंप वापरणं सगळ्यात स्वच्छ. क्रम असा: फ्युएल पंपाचा फ्युज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून स्वतःहून बंद पडू द्या, मग तीन-चार सेकंद सेल्फ मारा. लाइनमधला तीन-चार बारचा दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोडावर फडकं धरून लाइन सोडवा, कारण थोडं पेट्रोल तरीही उडतंच; डोळ्यांवर चष्मा हवा. गाडीकडून येणाऱ्या टोकाला अडॅप्टर आणि लांब नळी लावून ती जमिनीवरच्या कॅनमध्ये न्या, चिमट्यांची वायर लावा, शटर उघडं. निगेटिव्ह जोडून रिलेच्या जागी स्विचची वायर घातली की पंप मिनिटाला एक-दोन लिटर काढतो. कॅन रिलेपासून नळी पुरेल तितका लांब, आणि एक माणूस फक्त कॅनपाशी. धार तुटक झाली की लगेच बंद करा, कोरडा फिरलेला पंप लवकर मरतो. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात आणि कॉमनरेल डिझेलमध्ये हाय प्रेशरच्या बाजूला हात घालायचा नाही. तिथला दाब शेकडो ते दीड-दोन हजार बार असतो आणि बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

या कामाला लागणारा क्विक कनेक्टर (इंधनाच्या लाइनचा टिक् करून बसणारा जोड) सोडवायचा सेट स्वस्त प्लास्टिकचाही चालतो, हे सुखद आश्चर्य. मापं मात्र बघून घ्या: ७.८९ आणि ९.४९ मिलिमीटर ही दोन सर्वात जास्त लागतात. पक्कडीने ओढलं की आतली प्लास्टिकची अडक तुटते आणि पुढच्या खेपेला जोड बसल्यासारखा दिसून दाबाखाली सुटतो. परत बसवताना टिक् आवाज आल्यावर उलटं ओढून बघायचंच.

दोन नळ्यांची, वाफ परत टाकीत नेणारी चाकांवरची मोठी टाकी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शोभते. यंत्र म्हणून उत्तम, पण तिची क्षमता ३० लिटरच्या पुढे सहज जाते आणि मग परवान्याचा प्रश्न उभा राहतो. गल्लीतल्या गॅरेजने हा नाद करू नये.

नळी आणि क्लिप

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पेट्रोलला सर्रास वापरतात. पेट्रोल तिच्यातला मऊपणा आणणारा भाग धुऊन नेतं. काही आठवड्यांत ती पिवळी, काडीसारखी कडक होते आणि नेमकी कॉकपाशी तडकते. दुचाकीच्या गॅरेजात छताला टांगलेली सलाइनची बाटली हीही त्याच जातीची. टाकी काढून इंजिन ट्यून करायला सोयीची वाटते, पण खाली गरम सायलेन्सर असतो आणि सलाइनचा चाकाचा चिमटा कडक झालेल्या नळीवर नीट दाबत नाही. त्याऐवजी धातूच्या कॉकची अर्धा लिटरची ऑक्झिलरी टाकी घ्या, आणि तीही इंजिनाच्या बाजूला टांगा, डोक्यावर नाही.

नळीवर छापलेली अक्षरं वाचा. एसएई जे३० या इंधनाच्या नळ्यांच्या मानकातली आर७ ही कॅरब्युरेटरच्या कमी दाबाच्या लाइनला. इंजेक्शनच्या गाडीला आर९, जिच्या आत इथेनॉल सोसणारं अस्तर असतं. टाकीच्या आत बुडून राहणारी नळी आर१०. तिथे आर९ वापरली तर बाहेरचं आवरण फुगून सुटतं. छापच नसेल तर दुकानदार कितीही शपथा घेवो, ती नळी पाण्याला वापरा. क्लिपही बघा: पट्टीला आरपार चिरा असलेली साधी होज क्लिप नळीत रुतून तिला कापते. इंजेक्शनच्या लाइनला गुळगुळीत, कडा वर वळवलेली क्लिपच हवी.

सिलिंडर, वाळू आणि बाकीचं

दोन किलोचा सिलिंडर दहाएक सेकंदांत संपतो आणि पहिले चार सेकंद घाबरण्यात जातात. गॅरेजला एबीसी पावडरचा ६ किलोचा एक हवा, आयएस १५६८३ चा छाप असलेला, आणि तो दाराशी. आतल्या भिंतीवरचा सिलिंडर आणायला आगीच्या पलीकडे जावं लागतं. दोन-तीन मीटरवरून, वारा पाठीशी घेऊन, ज्योतीच्या बुडाशी झाडू मारल्यासारखा फवारा. पावडर तळाशी दगडासारखी बसते, म्हणून महिन्याला एकदा उलटा करून हलवा आणि काटा हिरव्यात आहे ना बघा. वापरल्यानंतर पावडर लगेच झटकून पुसून काढा, दमट हवेत ती अॅल्युमिनियम आणि वायरिंगचे जोड खाते. आगीत फेकायचा विझवणारा चेंडू उघड्या शटरच्या गॅरेजात निरुपयोगी नाही, पण सिलिंडरच्या जागी चालणार नाही. कार्बन डायऑक्साइडवाला वाऱ्यात विरतो.

लाल बादलीतली कोरडी वाळू आजही उत्तम. तिचा बूड गोल असतो तो बादली दुसऱ्या कामाला कुणी नेऊ नये म्हणून. त्यात पिचकाऱ्या आणि विड्यांची थोटकं जमतात तो भाग वेगळा. सांडलेल्या पेट्रोलवर वाळू टाकून ती पत्र्याच्या डब्यात भरा आणि डबा बाहेर न्या. पाणी मारून गटारात ढकललं तर वाफ गटारातून शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत जाते. पेट्रोलने भिजलेलं वेस्टही (हात-पार्ट पुसायचा सुती धागा) झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच.

वायरचा बल्बवाला हँडलॅम्प बाद करा. पेट्रोलचा थेंब गरम काचेवर पडला की काच फुटते आणि तापलेली तार उघडी पडते. चार्जिंगचा बंद एलईडी लॅम्प घ्या, आणि तोही पेट्रोल काढायला लागण्याआधी लावून ठेवा, नंतर स्विच दाबू नका. हातमोजे नायट्राइलचे, पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि ते कातडीतून आत जातं. पार्ट धुवायला पेट्रोल वापरायची सवय त्यासाठीच मोडायची.

सगळं एकदम घेणं जमणार नसेल तर आधी जेरीकॅन आणि चिमट्यांची वायर, त्याच आठवड्यात सिलिंडर, मग आर९ ची तीन मीटर नळी आणि फुगा, शेवटी कनेक्टरचा सेट. कॅनच्या झाकणाचं रबर दर पावसाळ्याआधी बदला, आणि जादाचं एक कॅनच्या मुठीला पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर हवं तेव्हा ते सापडत नाही.